एकवीस तोंडांतून निघालेलं नाव

बाळाचं नाव आत्या ठेवते, धंद्याचं नाव मी ठेवतो. आत्याला बारशाच्या दिवशी साडी मिळते, घुगऱ्या मिळतात, पाळण्याची दोरी पहिल्यांदा हातात मिळते. मला अर्धा कप चहा मिळतो आणि "बस, एवढंसंच नाव?" हा प्रश्न मिळतो. तरी छाती पुढं काढून सांगतो, घाटंजीपासून झरी जामणीपर्यंत आणि इकडं पार पुसदच्या टोकापर्यंत इंटरनेटवर जेवढी दुकानं उघडली, त्यांतल्या निम्म्यांचा पाळणा मी हलवला आहे. उरलेल्या निम्म्यांनी माझं ऐकलं नाही, म्हणून ती कुणाला सापडत नाहीत.

मूळचा मी पेंटर. वीस-बावीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. माझ्या अक्षराला इतकी धार असायची की पाटीखालून जाताना उंच माणसं मान वाकवायची. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि त्यानं एकाच उन्हाळ्यात माझे ब्रश, माझी शिडी आणि माझा रुबाब चावून गिळून टाकला. पण एक गोष्ट त्याला गिळता आली नाही. शिडीवर उभं राहून मी वीस वर्षं खालच्या माणसांचं बोलणं ऐकलं होतं. वर मी 'न्यू महालक्ष्मी वस्त्र भांडार अँड सन्स' रंगवत असायचो आणि खाली लोक एकमेकांना सांगत असायचे, "तिकडं जाय, त्या खोकनाऱ्या शेठकडं." पाटीवरचं नाव वेगळं असतं आणि तोंडातलं वेगळं, हे ज्ञान मला असं उंचावर झालं.

पुढं वेबसाइटांचे दिवस आले. त्या बनवणारे यवतमाळात पैशाला पासरी. पण नाव काय ठेवायचं, इथं सगळ्यांची गाडी चिखलात रुतायची, कारण प्रत्येक मालकाला 'श्री गजानन' पाहिजे आणि ते कुणीतरी कधीच घेऊन बसलेलं. मग माझ्याकडं पाठवायचे.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. वेबसाइट म्हणजे दुकान आणि डोमेन म्हणजे त्या दुकानाचा पत्ता. शेवटी डॉट कॉम, नाहीतर डॉट इन. आठवडी बाजारात जागा धरतात तसंच हे. सकाळी लवकर येऊन ज्यानं पोतं अंथरलं त्याची जागा. दरवर्षी भाडं भरत राहा, जागा तुमची. चुकलात की दुसरा पोतं अंथरून मोकळा. या बाजाराची मेख इतकीच, की एका नावाची जागा साऱ्या जगात एकच. आणि ती कुणाची, हे मोबाइलवरून ठरतं. ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तो मालक. तो ठरवणार दार उघडं की बंद.

या ओटीपीपायी मी काय काय केलं ते लिहायला घेतलं तर अंकातल्या जाहिरातींना जागा उरणार नाही. झरी जामणीच्या जंगलपट्ट्यात एका मधवाल्याचं नाव घेत होतो. ग्रामपंचायतीत तारेचं इंटरनेट होतं, पण मोबाइलची रेंज टेकडीवरच्या एका मोहाच्या झाडाखाली. गडी आकडे घेऊन खाली धावत येईपर्यंत मुदत संपायची. तीनदा संपली. शेवटी उतारावर हाकेहाकेच्या अंतरावर अकरा माणसं उभी केली आणि आकडे ओरडत ओरडत खाली उतरवले. नाव पदरात पडलं. मात्र ते आकडे ऐकून पलीकडच्या गावातल्या दोघांनी लॉटरीचं तिकीट काढलं आणि त्यांना लागलं. मी म्हणत नाही, लोक म्हणतात. आणि पुसदच्या एका कापडवाल्यानं तर मुहूर्ताशिवाय बटण दाबू दिलं नाही. संगणकाला हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. त्यातला एक तांदूळ माझ्या कीबोर्डात अजून आहे. ते बटण दाबलं की मला पंगतीची भूक लागते.

पण माझी खरी विद्या निराळी. नाव मालकाच्या डोक्यातून काढायचं नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडातून काढायचं. त्यासाठी बाजाराच्या दिवशी मालकाची वस्तू घेऊन बाजाराच्या तोंडावरच्या चहाच्या टपरीवर बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवून विचारायचं, "भाऊ, हे कोनाचं?" पहिला शब्द जो पडेल तो लिहून घ्यायचा. दुसरा नाही, कारण दुसरा शब्द माणूस विचार करून बोलतो आणि विचार केला की माणूस खोटं बोलतो. अशी एकवीस तोंडं झाली की उठायचं. एकवीसच का? बाविसाव्या माणसापर्यंत चहा पोटात मावत नाही म्हणून.

या विद्येनं मला एकदाच अडचणीत आणलं, आणि ज्या गोष्टीचा मला आयुष्यात सगळ्यात जास्त अभिमान आहे ती त्याच अडचणीतून निघाली.

घाटंजीत मधुकरराव म्हणून शेतीच्या अवजारांचे कारखानदार आहेत. कारखाना म्हणजे दोन शेड, एक भट्टी, चार माणसं आणि मधुकररावांचा आवाज. हा आवाज असा, की त्यांनी घाटंजीत फोनवर 'हॅलो' म्हटलं की पांढरकवड्याच्या माणसाला फोन उचलावा लागत नाही. वखर, डवरे, सगळं बनायचं, पण नाव होतं ते पासेचं. पास म्हणजे वखराचं खालचं लांब पातं, जे जमिनीत शिरून धसकटं कापत जातं. पास मऊ असली तर तुरीच्या धसकटाला लागून वाकते, फार कडक असली तर दगडगोट्याला लागून मोडते. मधुकररावांच्या कारखान्यातली पास वाकत नव्हती आणि मोडतही नव्हती. मी स्वतः ऐकलेलं आहे, की एकाच्या वावरात ती पास जमिनीतल्या जुन्या विहिरीच्या काठाला लागली आणि विहीर सरकली.

बाहेरच्या जिल्ह्यांतून विचारणा यायला लागली तेव्हा मधुकरराव माझ्याकडं आले. नाव त्यांनी आधीच काढून आणलं होतं: मधुकर ग्लोबल अ‍ॅग्रो इंडस्ट्रीज डॉट कॉम. मी म्हटलं, हे टाइप करता करता पेरणीचा हंगाम निघून जाईल. एक बाजार द्या मला. ते कबूल झाले, कारण बाजार त्यांचंच नाव घेणार याची त्यांना खात्री होती.

बाजाराच्या दिवशी पास दुपट्ट्यात गुंडाळून टपरीवर बसलो. पहिला आला तो कापसाचा शेतकरी. पास बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाला, "हरसिंगची." दुसरी बाई, डोक्यावर टोपलं, थांबलीसुद्धा नाही. "हरसिंगची हाय न ते." तिसऱ्यानं नाव सांगून मलाच विचारलं, कितीले देता. एकवीस तोंडं झाली. एकोणीस हरसिंग. एकानं विचारलं, चोरीची हाय का. आणि एकानं मधुकररावांचं नाव घेतलं. ते त्यांचे सासरे होते.

हरसिंग म्हणजे त्यांच्या भट्टीवरचा मिस्त्री. जवळच्याच तांड्यातला, पन्नाशीचा, मोजून बोलणारा माणूस. ट्रकच्या कमानीचा पाटा तापवून ठोकायचा आणि नेमका कुठल्या रंगाला आला की पाण्यात घालायचा, हे त्याच्या डोळ्यात होतं. त्याला पाणी देणं म्हणतात. पोलादाला पाणी देणं सगळ्यांना येतं. ते टिकवणं हरसिंगला यायचं. दिवसाला बारा पासा. तेरावी सांगितली तर हातोडा खाली ठेवायचा.

मी कागद घेऊन मधुकररावांकडं गेलो. त्यांनी वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते गप्प बसले. मी घाबरलो. मग हळू आवाजात, म्हणजे तुमच्या-माझ्या आवाजात, म्हणाले, "असं करा. माहं नाव घेऊन ठेवा, अन् हरसिंगचंही घेऊन ठेवा. दोनी माह्याच मोबाइलवर."

मी विचारलं, त्याचं कायले?

"पुसदचा एक व्यापारी त्याले बलावून राह्यला. उद्या गेला तं जाऊ द्या. नाव तं इथंच राह्यलं पाह्यजे न."

आता इथं मला पेन खाली ठेवून एक कबुली द्यावी लागते. हे काम मी आधी एकदा केलेलं होतं. लग्नाच्या जेवणाचं कंत्राट घेणारा एक माणूस होता, त्याच्या आचाऱ्याचं नाव सगळ्या तालुक्यात गाजलेलं. कंत्राटदारानं ते नाव माझ्याकडून स्वतःच्या मोबाइलवर घेऊन ठेवलं. गिऱ्हाइक सांगेल ते करायचं, आपल्याला काय. दोन वर्षांनी तो आचारी स्वतःचा धंदा काढायचा म्हणून माझ्याच दारात आला. नवे कपडे, खिशात कार्डाचा नमुना. मी त्याला सांगितलं, तुमचं नाव गेलं. त्यानं विचारलं, कोनी घेतलं? मी संगणकाकडं बघत बसलो. त्यानं शेवटी साळ्याच्या नावानं धंदा काढला. आता लग्नात भेटला की तो मला आग्रहानं वाढतो, आणि मला घास जात नाही. मला, ज्यानं एका पंगतीत सव्वाशे जिलब्या खाल्ल्याचं दारव्ह्यापर्यंत माहीत आहे.

तर मधुकरराव समोर बसलेले आणि मला ती जिलबी आठवली. मी चेहरा सरकारी केला आणि म्हणालो, "साहेब, नियम बदलला. जित्या मानसाचं नाव घ्याचं असंल तं तो मानूस समोर लागते. अन् ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येते."

असा काही नियम नाही. जगात कुठंच नाही. तो त्या क्षणी घाटंजीत जन्मला आणि आजही फक्त माझ्या दुकानात लागू आहे. मधुकररावांनी मला निरखून पाहिलं. वीस वर्षं पाट्या रंगवल्याचा हा फायदा, माझ्या चेहऱ्यावर किती कोट आहेत हे कुणाला कळत नाही.

हरसिंगला भट्टीवरून बोलावलं. हात पुसत आला, उभा राहिला. मी त्याला एकवीस तोंडांचा कागद वाचून दाखवला. मला वाटलं, माणूस हरखून जाईल. तो म्हणाला, "मले माहीत हाय."

मधुकरराव म्हणाले, मग त्या नावानं वेबसाइट काढू, साऱ्या महाराष्ट्रात तुझी पास जाईल, सही कर.

हरसिंगनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "नाव घ्या मालक. पन त्या नावावर जे पास जाईन ते माह्याच हातची जाईन. दिवसाच्या बारा. दुसरी एक बी गेली तं दार बंद. अन् तसं असंल तं मी पुसदले जात नाई."

"अन् शंभराचा आर्डर आला तं?"

"तं थांबतीन लोक. आंबा थांबते का आपल्यासाठी? आपुनच थांबतो."

मधुकररावांपुढं दोन वाटा होत्या. एकीवर ग्लोबल नाव, पण त्या नावाला बाजारात एकच तोंड, तेही सासऱ्याचं. दुसरीवर दिवसाच्या बारा पासा. त्यांनी असा सुस्कारा सोडला की भट्टीला भात्याची गरज पडली नाही, आणि म्हणाले, घ्या बाप्पा. हरसिंगच्या साध्या मोबाइलवर ओटीपी आला. त्यानं एकेक आकडा मला असा सांगितला, जसा एकेक घाव मोजून घालावा. 'हरसिंगची पास डॉट इन' माझ्या डोळ्यांदेखत जन्माला आलं. बारसं म्हणून मी पेढा मागितला. चहाच मिळाला, पण त्या दिवशी पूर्ण कप.

वेबसाइट चालली. चालली म्हणजे काय, पळाली. जगातलं हे एकच दुकान असेल जे सकाळी उघडायचं आणि न्याहारीच्या आत त्यावर लिहून यायचं, 'आजच्या बारा पासा संपल्या, उद्या या.' नांदेडकडचे लोक, तेलंगणातले लोक, मोबाइल हातात घेऊन उद्याची वाट बघायचे. मधुकरराव कुरकुरायचे, पण ही कुरकुर लग्नात पाहुणे जास्त आल्यावर यजमान करतो तसली, आतून सुखाची.

मग वखरणीचे दिवस आले आणि त्यांचा धीर सुटला.

एका दुपारी हरसिंग माझ्या दुकानात आला. हातात दुपट्ट्यात गुंडाळलेली पास. सोडली तर मधोमध वाकलेली, बैलाच्या शिंगासारखी. एका शेतकऱ्यानं ती त्याच्या हातात आणून दिली होती. हरसिंग मला म्हणाला, "हे माही नाई." ते मला दिसतच होतं. मधुकररावांनी बाहेरच्या एका कारखान्यातून तयार पासा मागवल्या होत्या आणि त्याच नावाखाली आठ घरी पाठवल्या होत्या.

"दार लावा," हरसिंग म्हणाला.

मी म्हटलं, मालक माझंही गिऱ्हाइक आहे. तो म्हणाला, नाव कोनाच्या मोबाइलवर हाय? या प्रश्नाचं उत्तर मीच तयार करून ठेवलेलं होतं. त्यानं आकडे सांगितले, मी बटण दाबलं. हरसिंगची पास डॉट इन जगाच्या नकाशावरून नाहीसं झालं.

अर्ध्या तासात मधुकरराव आले. त्यांच्या आधी त्यांचा आवाज आला. माझ्या दुकानाचं शटर आपोआप अर्धं खाली आलं. "माह्याच दुकानाचं दार मलेच बाहेरून लावलं. तुमी पेंटर हाय का दुश्मन?" मी म्हटलं, दार मी लावलं, किल्ली त्याच्याकडं. त्याला बोला. ते बोलले. हरसिंग भट्टीवर काम करत होता, बारा पासा रोजच्यासारख्या चालू होत्या. त्यानं एवढंच सांगितलं, की आठही घरची पास बदलून द्या, स्वतः जाऊन द्या, अन् कोनाची होती ते सांगून द्या. मग दार उघडतो.

तीन दिवस मधुकररावांनी दम धरला. पुसदच्या व्यापाऱ्याचा माणूस दोनदा तांड्यावर येऊन गेल्याचं गावभर झालं. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी माझ्या दारात उभी. मागच्या सीटवर हरसिंगच्या आठ पासा. "चला," म्हणाले. "तुमीच लावलं हे, तुमीच साक्षीले या."

आठ गावं फिरलो. पहिल्या घरी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मला वाटलं माझे कान गेले. "ते पास हरसिंगची नोती. माही होती. हे घ्या." शेतकऱ्यानं नवी पास वाजवून पाहिली आणि चहा टाकला. दुसऱ्या घरी थोडं सोपं गेलं. चौथ्या घरापर्यंत ते गाडीतून उतरता उतरताच म्हणायला लागले, माही होती, माही होती. जन्मभर ज्यांना आपलं नाव पासेवर पाहिजे होतं, त्यांना ते आठ दारांत स्वतःच्या तोंडानं लावावं लागलं. मी गाडीत हसलो नाही. एवढा संयम मी आयुष्यात दोनदाच पाळला आहे.

शेवटचं घर पुसदच्या अलीकडच्या एका खेड्यात. म्हातारी एकटीच होती, अंगणात तुरी निवडत बसलेली. पास तिच्या नातवानं मोबाइलवरून मागवली होती आणि तो वावरात गेला होता. मधुकररावांनी आपलं वाक्य म्हटलं. म्हातारीनं नवी पास मांडीवर घेतली, धारेवरून अंगठा फिरवला आणि समाधानानं मान हलवली.

"म्हनून वाकली होय ते," ती म्हणाली. "नातू म्हने हरसिंगची हाय. म्या म्हनलं, हरसिंगची वाकत नाई, कोन्या चोराची असंल."



म्हातारीनं वर पाहिलं. एवढ्या उन्हाचा माणूस पास बदलून द्यायला आला, त्याला तिनं आत्ता कुठं नीट पाहिलं. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि विचारलं, "अन् तू कोन रे बाप्पा?"

मी मधुकररावांकडं पाहिलं. दोन शेड, एक भट्टी, चार माणसं, जिल्हाभर ओळख. मला वाटलं आता पूर्ण नाव येणार, वडिलांच्या नावासकट, ग्लोबलसकट. त्यांनी तांब्या उचलला, पाणी पिऊन मिशा पुसल्या.

"मी हरसिंगकडचा हावो, माय," ते म्हणाले.